रिंगखालचा उंच गडी

(धाराशिव येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन. वक्ते निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत.)

एवढ्या उकाड्यात घरचा कूलर सोडून इथं आलेले श्रोतेहो,

काल याच ठिकाणी ज्ञानेश्वरीवर बोलणं झालं, उद्या शेअर बाजारावर आहे. परमार्थ आणि अर्थ यांच्या मधोमध संयोजकांनी शिट्टीवाला मास्तर आणून बसवलाय. (हशा) मघाशी फाटकापाशी एकानं विचारलंच, ‘सर, धाराशिवात बास्केटबॉल बघतं कोण?’ मी म्हटलं, शेअर तरी किती जणांकडे आहेत? ऐकायला याल ना? मग हेही ऐका. (हशा)

विषय पत्रिकेत छापलाय. बास्केटबॉलमध्ये संघातला सगळ्यात उंच गडी रिंगेच्या अगदी जवळ उभा असतो, तरी त्याच्या हातून गुण का होत नाहीत? शेवटी वेळ कमी पडतो हा माझा नेहमीचा अनुभव, म्हणून माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो. उंच पोराचं अडतं ते पायांत. आणि पाय शिकवणारी शाळा आपल्या जिल्ह्यात चांगली नांदती आहे. तिचं नाव खो-खो. आता हे पटवून द्यायला माझ्याकडे तासभर आहे.

खेळाचे नियम तुम्हाला ठाऊकच आहेत. पाच-पाच गडी, चेंडू टप्पे देत न्यायचा, रिंगेत टाकायचा वगैरे. त्यात वेळ घालवत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते. साडेसहा फुटी माणूस नुसता हात वर करून उभा राहिला, तरी त्याची बोटं आणि रिंग यांच्यात जेमतेम हातभर अंतर उरतं. पाहणाऱ्याला वाटतं, याला काय अवघड आहे? आपण गॅलरीतून ओरडतो, ‘अरे टाक की!’ तो टाकतो आणि चेंडू बोर्डाला थडकून परत येतो.

पहिलं कारण असं, की या खेळानं उंच माणसाला कधी सुखानं राहू दिलेलं नाही. अमेरिकेत जॉर्ज मायकन नावाचा ६ फूट १० इंचांचा सेंटर, म्हणजे रिंगखालचा गडी, होता. तो आणि बॉब कर्लंड रिंगेत उतरणारा चेंडू वरच्या वर झेलून टाकायचे. १९४४ साली कॉलेजच्या नियमांत त्याला बंदी आली. पुढं मायकन व्यावसायिक खेळात रिंगखाली ठाण मांडून बसला, तर १९५१ मध्ये रिंगेपुढचा पट्टा ६ फुटांचा १२ फूट रुंद झाला. तिथं आक्रमकाला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणजे मायकन आपसूक बाहेर ढकलला गेला. मग विल्ट चेंबरलेन आला, तर १९६४ मध्ये पट्टा १६ फूट झाला. पुढं करीम अब्दुल-जब्बार या नावानं गाजलेला पोरगा कॉलेजात खेळत होता, तेव्हा १९६७ मध्ये कॉलेजच्या सामन्यांतून डंकच, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगेत कोंबणंच, बंद केलं, ते नऊ वर्षं. उंच माणूस दिसला की नियमांचं पुस्तक उघडायचं, असाच हा इतिहास आहे. आपल्याकडे चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांत पट्टा ४.९ मीटर रुंद आहे आणि तीन सेकंद तेच.

तर या पट्ट्याच्या कडेला रिंगेकडे पाठ करून उभं राहायचं, चेंडू मागायचा, वळायचं आणि टाकायचा, याला पोस्टमधला खेळ म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. आता आमच्या एका पोराची गोष्ट सांगतो, म्हणजे अवघड कुठं जातं ते कळेल.

कळंब तालुक्यातला मुलगा. दहावीतच ६ फूट ४ इंच. नाव सांगत नाही, तो आता पोलिसात आहे आणि मला अजून या जिल्ह्यात राहायचंय. (हशा) माझ्याकडे येण्याआधी त्याला कुणीतरी एकच मंत्र दिला होता : ‘तू फक्त रिंगखाली उभा राहा.’ आणि पोरगं खरोखर उभं राहायचं, विजेच्या खांबासारखं ताठ. विभागीय सामन्यात त्याच्या पाठीशी उभा होता तो ५ फूट ८ इंचांचा पोरगा. त्यानं काय केलं? गुडघे वाकवले, बूड खाली घेतलं, आपली मांडी याच्या मांडीला मागून लावली आणि नुसता रेटत राहिला. आमचा गडी एक पाऊल सरकला, दोन सरकला. चेंडू हातात पडला तेव्हा तो रिंगेपासून बारा-तेरा फुटांवर. तिथं उंचीचा काय उपयोग? तिथून तो कुणाइतकाच लांब.

आता त्याचे पाय बघा. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे सरळ. चेंडू आला तो छातीशी, आणि घाबरून त्यानं तो पोटाशी आणला. चेंडू पोटाशी आला की तो बुटक्यांच्या मालकीचा. डाव्या बाजूनं एक चिमुरडा गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा गडी, आला आणि खालून एका फटक्यात चेंडू घेऊन पळाला. दुसऱ्या वेळी चेंडू वर ठेवला, पण वळायला कुठला पाय रोवायचा आणि कुठला उचलायचा हेच ठरेना. दोन्ही उचलले. शिट्टी. तिसऱ्या वेळी उजवीकडं वळला, तो गुण झाला. चौथ्या वेळी पुन्हा उजवीकडं, पाचव्या वेळी पुन्हा उजवीकडं. समोरच्यांना तेवढ्यात उमगलं, याला डावीकडचा रस्ताच माहीत नाही. सहाव्या वेळी उजवीकडं दोघे वाट बघत उभे.

बाहेर बाप बसलेला. मला म्हणाला, ‘गुरुजी, एवढं उंच लेकरू, आन् ह्याला बुटकी पोरं नाचवायलीत.’

त्या बापाला दिलेलं उत्तर म्हणजेच आजचं व्याख्यान. रेटारेटीत उंची कामाला येत नाही, कंबर येते. कंबर ज्याची खाली, जागा त्याची. उंच पोराचे पाय लांब, म्हणून कंबर मुळात वर. ती खाली आणायला त्याला इतरांपेक्षा जास्त वाकावं लागतं, आणि वाकायला तर त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. वर्गात मागच्या बाकावर, रांगेत शेवटी, मैदानात रिंगखाली. जन्मभर त्याला कुठं ना कुठं नुसतं उभं केलेलं असतं.

(सभागृहातून : सर, आमच्या पोराला वाकवून दमलो, अभ्यासाला!) तो विषय परवाच्या वक्त्यांकडे आहे. (हशा)

वाकण्याची लाजही असते हो, आणि ती मोठ्यामोठ्यांना सुटलेली नाही. विल्ट चेंबरलेन, ७ फूट १ इंच. २ मार्च १९६२ रोजी त्यानं एकाच सामन्यात १०० गुण केले. त्या रात्री ३२ फ्री थ्रोंपैकी, म्हणजे फाउलनंतरच्या मोकळ्या फेकींपैकी, २८ पडले. कसे? तो त्या हंगामात दोन्ही हातांनी चेंडू गुडघ्यांमधून, खालून वर टाकायचा. एरवी त्याचे निम्मेच पडायचे, अख्ख्या कारकिर्दीची सरासरी ५१ टक्के. पण ही खालून टाकायची पद्धत त्यानं पुढं सोडून दिली. पुढं आत्मचरित्रात त्यानंच कबूल केलं, की तसं टाकताना बायकी वाटायचं म्हणून सोडलं. गुण पडत होते ते सोडले, लोक हसतील म्हणून! आमचं कळंबचं पोरगंही हेच करत होतं. मी म्हटलं, उकिडवा बस. तो म्हणाला, पोरी बघतात.

आणि पोरी बघत होत्याच. कारण मी त्याला नेलं होतं खो-खोच्या मैदानावर.

आता इथं मला जरा मोकळं सोडा. खो-खो म्हणजे काय ते धाराशिवकरांना मी काय सांगू? २०१६ च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्ण घेतलं, तेव्हा कर्णधार कोण होती? (सभागृहातून : सारिका काळे!) बरोबर. आपली सारिका काळे. २०२० चा अर्जुन पुरस्कार तिचा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० नं हरवलं. त्या संघात आपली अश्विनी शिंदे होती. (टाळ्या) आजवर बाहेरगावी जिल्ह्याचं नाव सांगितलं की लोक म्हणायचे, हां, तो शेळ्यांसाठी प्रसिद्ध जिल्हा. आता म्हणतात, हां, त्या खो-खोवाल्या पोरी. शेळीचा अपमान नाही हां, तिच्यावर आपली घरं चालली आहेत. (हशा)

तर पाटीवर बसलेली मुलगी बघा. चवड्यांवर उकिडवी, हाताची बोटं जमिनीला, मान वर. मागून खो मिळाला की ती उभी राहून मग पळत नाही, बसल्या जागेवरून कमरेतून सुटते. पहिलं पाऊल ज्या दिशेला पडलं ती दिशा पक्की, खांबापर्यंत मागं फिरायची सोय नाही. म्हणून पहिल्या पावलाआधी तिचं डोकं चाललेलं असतं. आणि खांबाजवळ तर काय सांगू! धावणारी आत शिरायची हूल देते, ही फसत नाही, एका हातानं खांब धरते, अख्खं अंग जमिनीला समांतर बाहेर टाकते आणि बोटाच्या टोकानं तिला टिपते. यात उंची किती आहे, याचा कुणी हिशेब करत नाही. हिशेब असतो तो चवडा कुठं टेकला, खांदा कुठं वळला, समोरचीनं हूल दिली तेव्हा आपली कंबर हलली की नुसते डोळे हलले, याचा. महाराष्ट्राच्या खो-खोत आता मॅट आली, पण ही विद्या मातीतच…

(सभागृहातून : सर, बास्केटबॉल!)

आलो, आलो. बास्केटबॉलवरच आहे मी. रिंगेकडे पाठ करून उभ्या असलेल्या गड्याला नेमकं हेच लागतं. एक पाय रोवलेला, दुसरा मोकळा, खांदा उजवीकडं दाखवायचा आणि डावीकडं निघायचं. ही हूलच आहे. नाव इंग्रजी दिलं म्हणून ती परकी होत नाही.

मी एकटाच असं म्हणतो असं समजू नका. हकीम ओलाजुवान हा नायजेरियाच्या लागोसचा. बास्केटबॉलला त्यानं पंधराव्या वर्षाच्या पुढंच हात लावला. त्याआधी तो हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलमध्ये गोलकीपर होता. पोस्टमधल्या पायांच्या कामात त्याच्या तोडीचा सेंटर मला तरी दाखवता येत नाही. खांद्याच्या एका झटक्यानं समोरचा हवेत जायचा आणि हकीम त्याच्या बगलेखालून निघून जायचा. १९९४ आणि १९९५, अमेरिकेच्या व्यावसायिक लीगची लागोपाठ दोन विजेतेपदं त्यानं ह्यूस्टनच्या संघाला मिळवून दिली. आपले पाय गोलपोस्टात तयार झाले, हे तो स्वतः सांगतो. आजचा निकोला योकिच घ्या. उडी म्हणाल तर बेताची, धावणं त्याहून बेताचं. त्याच लीगचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, त्या २०१४ च्या निवडीत त्याचा नंबर ४१ वा होता. तरी तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. का? चेंडू हातात येण्याआधीच त्याला कळलेलं असतं, कुठला पाय कुठं पडणार.

आणि उलट आपला सतनाम सिंग. पंजाबातल्या बल्लो के गावचा, ७ फूट २ इंच. २०१५ च्या निवडीत डॅलसच्या संघानं त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. तिथं निवडला गेलेला भारतातला तो पहिला खेळाडू. पण मुख्य संघाकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्यात त्याला दोष देणं मला बरोबर वाटत नाही. २००१ पासून तिकडं झोन बचावाची, म्हणजे ठरावीक गडी न धरता जागा राखण्याची, मुभा मिळाली होती, उंच गड्याला पुढून-मागून घेरणं सोपं झालं होतं, आणि सगळा खेळ लांबून तीन गुणांच्या मागं लागला होता. संथ पायांच्या सेंटरला तिथं जागाच उरली नव्हती.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी येते.) दहा मिनिटं म्हणतात. मघाशी पाहुण्यांचा सत्कार लांबला, त्याचे पैसे माझ्याकडून वसूल करू नका हो. (हशा) बरं, पटापट घेतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं खापर पायांवर फोडता येणार नाही. उंच गडी स्वतः चेंडू आणत नाही, त्याला तो द्यावा लागतो. बचाव करणारा त्याच्या पुढं येऊन उभा राहिला तर चेंडू डोक्यावरून, नेमक्या उंचीनं द्यावा लागतो. आपल्याकडच्या शाळांतल्या गार्डला तो देता येत नाही, म्हणून तो देत नाही. बिचारा सेंटर हात वर करून तीन सेकंद मोजत राहतो. दुसरं, बाहेरच्या चौघांना लांबून टाकता येत नसेल, तर समोरचे पाचही जण रिंगखाली गोळा होतात. मग आत हकीम उभा केला तरी काय करील? तिसरं, डावा हात. मायकनच्या नावाचा एक सराव आहे : रिंगेखाली एकदा उजव्या, एकदा डाव्या हातानं, न थांबता. फुकटचा सराव आहे. पण आपल्याकडं उंच पोरगं आलं की त्याला डंक करायचा असतो आणि मास्तरला फोटो काढायचा असतो. फ्री थ्रोबद्दल बोलायचं होतं, ते विल्टच्या निमित्तानं झालंच. मुलींच्या बास्केटबॉलबद्दल, पुण्याच्या शिरीन लिमयेबद्दल बोलायचं होतं, ते पुन्हा बोलावलंत तर.

कळंबच्या पोराचं पुढं काय झालं, ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. तो काही भारताकडून खेळला नाही. पण तो पावसाळा पाटीवर उकिडवा बसण्यात गेला, पोरी हसल्या, मग हसायच्या थांबल्या, आणि पुढच्या हंगामात त्याला रेटून बाहेर काढणं कुणाला जमेना. डावीकडून वळायलाही लागला. पोलीस भरतीत धावला तोही याच पायांवर.

म्हणून एवढंच मागतो. समोर मुख्याध्यापक बसलेत, पालक बसलेत, तुळजाभवानी क्रीडा संकुलात रोज येणारी माणसं बसलीत. तुमच्या शाळेत यंदा उंच पोरगं किंवा पोरगी दिसली, तर लगेच रिंगखाली उभं करू नका. पहिली दोन वर्षं खो-खोच्या पाटीवर बसवा. बास्केटबॉल त्यानंतर शिकवा. दोन्ही मैदानं एकाच आवारात आहेत आणि खर्च एका पैशाचा नाही. जून महिन्यात शाळा उघडतील, तेव्हा सुरुवात करा.

(टाळ्या)