वेल्डिंगचा वर्ग काढताय? आधी हे विचारा

  आज बोलू या वेल्डिंगबद्दल.

"बायांना जमेल का?" असं कुणीतरी विचारतंच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रिचमंडच्या गोदीत बायांनीही जहाजांचं वेल्डिंग केलं. आपल्या आयटीआयमध्येही वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि मुलींना तो खुला आहे. पण घरदार, शेत सांभाळून वर्षभर रोज जाणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून काही गटांनी मिळून सल्लागार नेमायचा आणि छोटा वर्ग काढायचा, असं आमच्या ग्रामसंघात चाललं आहे.

इथे एक फरक नीट समजून घ्या. वर्गाला हजर राहिल्याचा दाखला वेगळा आणि वेल्डरची पात्रता चाचणी वेगळी. मागे आमच्या दोन मुली एका संस्थेचं छान रंगीत प्रमाणपत्र घेऊन कारखान्याच्या गेटवर गेल्या. तिथे विचारलं, "टेस्ट कुठली दिली?" उत्तर नव्हतं. मुली परत आल्या.

चाचणी अशी असते. लोखंडाच्या दोन पट्ट्यांच्या कडा तिरक्या घासून त्या समोरासमोर ठेवायच्या आणि मधली खाच रॉडने भरायची. मग त्या जोडाचे तुकडे कापून यंत्रात इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवतात. तीन मिलिमीटरपेक्षा मोठी चीर पडली की नापास. वरून कितीही सुंदर दिसलं तरी आतली पोकळी वाकवल्यावर कळते.

सल्लागाराचं काम इथेच आहे. कुठला रॉड, किती अँपिअर, किती जाडीची पट्टी, कुठल्या क्रमाने भरायचं, याचा कागद तो तयार करतो. त्याला डब्ल्यूपीएस म्हणतात. आपल्या स्वयंपाकातल्या मापासारखाच तो. त्या मापाने शिकवायचं, त्याच मापाने चाचणी घ्यायची.

त्याला पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. एक, चाचणी कुठल्या मानकाप्रमाणे? आयएसओ ९६०६ की एएसएमई सेक्शन नऊ? दोन, जोड कुठल्या स्थितीत? नुसतं सपाट जोडून पास झालेल्या बाईला उभ्या किंवा डोक्यावरच्या जोडाचं काम मिळत नाही. तीन, चाचणीच्या वेळी तपासनीस कोण असेल आणि कागदावर सही कुणाची? चार, आसनगाव, वाशिंद किंवा मुरबाड एमआयडीसीतला कुठला कारखाना ही चाचणी मानेल? एएसएमईच्या नियमात वेल्डरची चाचणी घेण्याची जबाबदारी मालकाची असते. एका ठिकाणचा कागद दुसरीकडे आपोआप चालत नाही. म्हणून आधी कारखान्याचं गेट, मग वर्ग.

फी एकदम देऊ नका. एक हप्ता कागद तयार झाल्यावर, एक वर्ग संपल्यावर, शेवटचा चाचणीचे निकाल हातात आल्यावर. हे गटाच्या ठराव वहीत लिहा आणि सल्लागाराची सही घ्या.

आता वेळेचं बघा. पात्रता एकदा मिळाली की कायमची नसते. सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही की ती संपते. आपल्याकडे दिवाळीनंतर कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे शिकलेली बाई भट्टीवर गेली की कागद वाया. एकदा उचल घेतली की तिला थांबताही येत नाही. म्हणून भातलावणी आटोपली की लगेच वर्ग सुरू करा आणि उचल घेण्याआधीच त्या घरांशी बोला. शिकताना रोज बुडतो, तो कसा भरून काढायचा, हेही गटानेच ठरवायला हवं. नाहीतर ज्यांना गरज जास्त, त्याच बाहेर राहतील.

आणि जिवाची काळजी. नायलॉनची साडी नको, जाड सुती कपडे घाला. काचेशिवाय ठिणगीकडे बघू नका, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बंद खोलीत जोडू नका, त्या धुराने ताप भरतो. यंत्राला अर्थिंग आहे का, ते पहिल्या दिवशीच तपासून घ्या.

तर येत्या बैठकीत दोनच कामं करा. कोण शिकणार त्यांची नावं लिहा आणि दोघीतिघी मिळून जवळच्या कारखान्यात जाऊन विचारा, "तुम्ही वेल्डरची टेस्ट कुठली घेता?" ते उत्तर घेऊन मगच सल्लागाराला बोलवा. नमस्कार.