शेजारच्या शाखेला जायला दिल्ली कशाला?

आजचा विषय नेटवर्किंगचा आहे, पण घाबरू नका, वही-पेन लागणार नाही.

समजा, एका कंपनीची एक शाखा नेरूळला सारसोळ्यात, दुसरी पनवेलला आणि मुख्य ऑफिस दिल्लीला. प्रत्येक शाखेचं व्हीपीएन टनेल फक्त दिल्लीशी जोडलेलं. यालाच हब-अँड-स्पोक म्हणतात. दिल्ली हब, शाखा स्पोक. आता सारसोळ्याहून पनवेलला कॉल लावला, तर आवाज आधी दिल्लीला जातो आणि मग पनवेलला येतो. दोन हजार किलोमीटरहून जास्त प्रवास! फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका दिशेलाच दहाएक मिलिसेकंद वाया. शिवाय सगळ्या शाखांचा भार दिल्लीच्या लाइनवर.

मग सगळ्यांना एकमेकांशी थेट जोडायचं का? ५० ठिकाणं असतील तर १,२२५ टनेल होतात. एवढी हाताने कोण सांभाळणार?

सिस्कोच्या डीएमव्हीपीएनचं उत्तर सोपं आहे: टनेल लागेल तेव्हाच बांधायचं. प्रत्येक शाखेचा राउटर हबकडे नोंद करतो, ‘माझा टनेलचा पत्ता हा, इंटरनेटवरचा हा.’ पहिलं पॅकेट हबमार्गेच जातं. पण हब सारसोळ्याला कळवतो, ‘अरे, थेट रस्ता आहे, पत्ता विचारून घे.’ पत्ता मिळाला की दोन्ही राउटर आयपीसेकने एकमेकांची ओळख पटवतात आणि थेट बोलू लागतात. वापर थांबला की थोड्या वेळाने टनेल आपोआप बंद. पत्ते विचारण्याच्या या पद्धतीला एनएचआरपी म्हणतात. तिचं प्रमाणपत्रक, आरएफसी २३३२, १९९८ सालचं.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोन्ही शाखा ब्रॉडबँड कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे असतील, तर थेट टनेल बरेचदा जुळत नाही आणि ट्रॅफिक हबमार्गेच जात राहतं. काम चालतं, पण हळू. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. थेट गेलेलं ट्रॅफिक दिल्लीच्या फायरवॉलला दिसतच नाही. पनवेलच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला, तर सारसोळ्यापर्यंत त्याला अडवणारं मध्ये कोणी नाही. म्हणून जवळचा रस्ता उघडायचा, तर पहारा प्रत्येक शाखेच्या दारात बसवावा लागतो.

तुमच्याकडे असं नेटवर्क असेल, तर परवानगी घेऊन दुसऱ्या शाखेपर्यंत ट्रेसराउट दोनदा चालवा. पहिल्यांदा मध्ये हब दिसेल. दुसऱ्यांदा तो गायब झाला, तर समजा थेट टनेल बांधलं गेलं. काय दिसलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!