मार्काचा पाचवा अध्याय बीडमध्ये वाचा



मला अध्यक्ष म्हणून या खुर्चीवर बसवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण आभारातच भाषण संपवणाऱ्यांपैकी मी नाही. बीड जिल्ह्यात आपण सुवार्तेची जी गत करून ठेवली आहे ती मला मान्य नाही, आणि ते आज इथे सांगितलं नाही तर पुन्हा कधी सांगणार? रविवारी दीड तास उपासना, ‘उपासना संगीता’तली चार गीतं, संदेश, आशीर्वाद, की मंडळी घरी. सोमवारी रोजगार, उचल, दवाखाना, मुलीचं लग्न हे सगळं सुरू होतं, तेव्हा सुवार्ता कपाटात असते. चार भिंतींच्या आत ठेवण्यासाठी ती आपल्याला दिलेली नव्हती.

आज एकच अध्याय घेतो. मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा.

बारा वर्षं रक्तस्राव होणारी ती बाई तुम्हा सर्वांना माहीत आहे. चंगाई सभेत तर ती हमखास येते. आणि प्रत्येक संदेश एकाच ठिकाणी जाऊन थांबतो: तिचा विश्वास मोठा होता म्हणून ती बरी झाली, तुम्हीही विश्वास ठेवा. खरं आहे. पण मार्कानं तिच्या विश्वासाच्या आधी तिचा खर्च सांगितला आहे. पुष्कळ वैद्य झाले, जवळचं होतं नव्हतं ते गेलं, गुण आला नाही, उलट दुखणं वाढलं. लूक परंपरेनं वैद्य मानला जातो. त्यानं हीच हकिकत लिहिताना दुखणं वाढल्याचं गाळलं. मार्कानं गाळलं नाही. मग आपले पाळक ते का गाळतात? बीड जिल्ह्यात उभं राहून या बाईवर संदेश द्यायचा आणि गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड बायकांचं नाव घ्यायचं नाही, हे कसं जमतं?

2019 साली हे सगळं विधिमंडळापर्यंत गेलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात सोळा-सतरा. देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. कित्येकींची चाळिशीही उलटलेली नव्हती.

हे कसं होतं, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरी बोलतो, कारण व्यासपीठावरून ते बोललं जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली की दोघं हंगामभर बांधलेली. राहायची कोपी पाचटाची, आत जायचं तर कमरेत वाकून. पहाटे अंधारात फडात. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं. गाडी रात्री येते, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. त्या फळीवर पाळी आलेली बाईही चढते आणि पोटुशीही. संडास नाही, न्हाणी नाही, कपडा धुऊन वाळवायला आडोसा नाही. एक दिवस अंग टाकलं की मुकादमाच्या वहीत खाडा, आणि खाड्याचा दंड अनेकदा त्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त. पोटात दुखतं म्हणून बाई दवाखान्यात गेली की तिला कॅन्सरची भीती घातली जाते. दोन-तीन लेकरं झाली आहेत, आता पिशवीचं काय काम, काढून टाक. ऑपरेशनचा पैसा पुन्हा मुकादमाकडूनच, म्हणजे पुढच्या हंगामाची उचल. होतं नव्हतं ते गेलं आणि दुखणं वाढलं. मार्कानं लिहिलं तेच.

येशू त्या दिवशी कुठे चालला होता, हेही बघा. याईराच्या घरी. याईर म्हणजे सभास्थानाचा अधिकारी, गावातला मोठा माणूस, त्याची मुलगी शेवटच्या घटका मोजत होती. अशा वेळी येशू एका निष्कांचन, अशुद्ध ठरवलेल्या बाईसाठी वाटेत थांबला. शिष्य म्हणाले, एवढ्या गर्दीत कुणाचा स्पर्श झाला हे काय विचारता? तरी तो थांबून राहिला. तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, चारचौघांत तिला मुलगी म्हणून हाक मारली. मोठ्या माणसाला ताटकळत ठेवलं. आपल्या कार्यक्रमांत कोण ताटकळतं? आमदार यायचे म्हणून पहिली रांग मोकळी ठेवणारी मंडळी आपलीच ना?

कुणी म्हणेल, अध्यक्षसाहेब, हे राजकारण झालं; मंडळीनं आत्म्यांचं तारण बघावं. हे मी फार ऐकलं आहे आणि आता ऐकून घेणार नाही. शरीर वगळून आत्मा वाचवायला येशू कुणाच्या घरी गेला, तो एक दाखला मला शुभवर्तमानातून काढून दाखवा. याकोबानं पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय की कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी जाऊन ओरडते. ते पत्र मंडळीलाच लिहिलेलं होतं.

अध्याय अजून संपलेला नाही. याईराची मुलगी बारा वर्षांची. लोक रडत होते, येशूनं धीराचा शब्द काढला तर त्यालाच हसले. त्यानं तिला हात धरून उठवलं आणि घरच्यांना सांगितलं, हिला खायला द्या. बारा वर्षांच्या पोरीसाठी प्रभूची आज्ञा एवढी साधी आहे. आणि आपल्याकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळिसांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 807 मुली, सगळ्या राज्यात सर्वांत कमी. आईबाप हंगामाला गेले की वयात आलेली पोर एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही त्यांची भीती खोटी नाही. शिवाय लग्न लावलं की नवा कोयता तयार होतो. ही भीती निवारणं हे मंडळीचं काम. आपल्या चर्चच्या आवारात खोल्या आहेत, विहिरी आहेत. त्या आवाराच्या मालकीवरून कोर्टात तारखा घेण्यात आपली जी वर्षं गेली, तेवढ्यात हंगामी वसतिगृहं उभी राहिली असती.

हे नवं काही सांगतो आहे असं समजू नका. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्यांना वचन दिलं आणि त्याबरोबर छापखाना दिला, तेलाचा घाणा दिला, विणकाम दिलं. आपल्या शेजारच्या जालन्याला नारायण शेषाद्रींनी बेथेल हे गावच वसवलं, निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर. हा सगळा निजामाचा मुलूख होता, तेव्हाची गोष्ट. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईची जमीन आणि पाणी वाचवायला झग्यासकट रस्त्यावर उतरले आणि त्याच माणसाला 2020 साली पलीकडे उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. त्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि मोर्चाही काढला.

आता लेखकांना. समोर पुष्कळ कवी बसले आहेत. यार्देनच्या पाण्यावर तुमच्या कविता आहेत, मांजरा आणि सिंदफणा कुठे आहेत? ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांपासून मराठी बोलते आहे, त्या जिल्ह्यात बसून आपण अनुवादासारखी मराठी लिहितो. लक्ष्मीबाई टिळकांना कुणी शाळेत घातलं नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’ वाचा, घरातल्या पिठामिठाची गोष्ट तिथे साक्ष होते. फडातल्या बाईची साक्ष तुम्ही लिहिली नाहीत तर ती दुसरं कुणी लिहील आणि तेव्हा ख्रिस्ती साहित्य कुठे होतं, असं विचारलं जाईल.

एक शंका बाहेरून येते. तुम्ही सेवा केलीत की लोक म्हणणार, धर्मांतरासाठी आमिष. म्हणू द्या, पण आपले हात स्वच्छ ठेवा. कुणाला दवाखान्यात नेलं म्हणून त्याचं नाव यादीत घालायचं नाही, फोटो काढून परदेशी पाठवायचा नाही. ना. वा. टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसत. ज्या बाईला येशूनं बरं केलं, तिला त्यानं शांतीनं जा म्हणून निरोप दिला. आपल्यामागे ये म्हणाला नाही.

म्हणून माझं मागणं थोडक्यात सांगतो. एखाद्या बाईला पिशवी काढ म्हणून सांगितलं, तर महिला मंडळातल्या दोघींनी तिच्याबरोबर जायचं, आधी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दाखवायचं. 2019 नंतर खासगी दवाखान्यांना हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते, हे तिला माहीत नसतं. तुम्हाला माहीत हवं. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न कोणत्याही पाळकानं लावायचं नाही. 2006 च्या कायद्यात लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर प्रत्येक चर्चच्या दारावर लिहिलेला असावा. आपल्यात जे मुकादम आहेत, ज्यांच्या वीटभट्ट्या आहेत, त्यांनी प्रभुभोजनाला येण्याआधी खाड्याचे घेतलेले पैसे परत करावेत. जकातदार जक्कयानं चौपट परत द्यायचं कबूल केलं. तुम्ही निदान घेतले तेवढे तरी द्या.

आणि नाताळ. आपण कॅरोल पार्ट्या काढतो, तेव्हा हंगाम ऐन भरात असतो आणि आपली गावं अर्धी रिकामी. बंद दारांपुढे गाऊ नका. यंदा प्रत्येक मंडळीनं एक गाडी करावी, सोबत एक नर्स घ्यावी, औषधं, सॅनिटरी पॅड, पोरांसाठी वह्या घ्याव्यात आणि आपल्या गावची टोळी ज्या कारखान्यावर असेल तिथे जावं, मग तो सांगलीत असो, कोल्हापुरात असो की कर्नाटकात. कोणती टोळी कुठल्या कारखान्याला चालली आहे, हे दसऱ्याच्या आधी विचारून ठेवा. त्यानंतर गावात विचारायला माणूस सापडत नाही.