प्रकाशाने टिपलेला इलेक्ट्रॉनांचा स्फटिक

इलेक्ट्रॉनही पाण्यासारखे गोठू शकतात, असं भाकीत युजीन विग्नर यांनी 1934 साली केलं. तापमान अतिशय कमी असलं आणि इलेक्ट्रॉन विरळ असले, की त्यांच्यातलं प्रतिकर्षण गतीवर मात करतं; मग ते ठरावीक अंतरावर रचले जातात. हाच विग्नर स्फटिक.

2021 मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी, चुंबकीय क्षेत्राची मदत न घेता, मोलिब्डेनम डायसेलेनाइडच्या एका थरात तो प्रकाशाने टिपला. त्यातल्या इलेक्ट्रॉनांमधलं अंतर जेमतेम 20 नॅनोमीटर. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या सुमारे तीसपट. त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून ते वेगवेगळे दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी प्रकाश टाकून एक्सायटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि धनभारित पोकळी यांच्या जोड्या, निर्माण केले. इलेक्ट्रॉनांच्या नियमित रचनेमुळे हे एक्सायटॉन विशिष्ट प्रकारे विखुरले आणि परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटात एक नवं, फिकट शिखर उमटलं. तापमान किंवा इलेक्ट्रॉनांची घनता वाढवली, की ते मावळतं. म्हणजेच स्फटिक वितळतो.

जे डोळ्यांना दिसणं अशक्य, त्याचं गोठणं आणि वितळणं आता प्रकाशाच्याच साहाय्याने अभ्यासता येतं. भौतिकशास्त्राचं हे मोठं यश आहे.