आजार पाकिटावर आला तेव्हा



24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1982 साली, आपल्या टपालखात्यानं त्या शोधाच्या स्मरणार्थ एक तिकीट काढलं. त्या काळी आपल्या घरांमधून या आजाराबद्दल कसं बोललं जायचं ते आठवून पाहा. 'छातीचा जरा त्रास आहे', 'हवापालटाला मिरजेकडे गेलाय', 'अशक्तपणा आलाय'. मुलीच्या घरी कुणाला क्षय होऊन गेला असं नुसतं कानावर आलं, तरी ठरत आलेली सोयरीक मोडायची. आणि त्याच दिवसांत सरकारनं त्या आजाराचं तिकीट छापून पोस्टाच्या खिडकीवर विकायला ठेवलं. घरात जे दबक्या आवाजात बोललं जायचं, ते पोस्टमन भरदिवसा दारोदार वाटत होता. आरोग्याच्या तिकिटांचं मोल मला इथे वाटतं. आजार लपवण्याची गोष्ट नाही, हे ती तिकिटं कुणालाही न दुखावता सांगतात.

आरोग्यासाठी पैसा उभा करायच्या कामाला टपाल पहिल्यांदा लागलं तेही क्षयासाठीच. 1897 साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या साठाव्या वर्षाचं निमित्त साधून क्षयरोग्यांच्या आश्रमासाठी दोन तिकिटं काढली. एका पेनीचं तिकीट एका शिलिंगाला, म्हणजे बारापट किमतीला. पत्रासाठी त्याचं मोल एक पेनीच, बाकीचे पैसे आश्रमाला. कल्पना चांगली होती, पण एवढी किंमत गरिबाला कुठली परवडायला?

ही अडचण सोडवली ती डेन्मार्कमधल्या पोस्टातल्या एका कर्मचाऱ्यानं. त्यांचं नाव आयनार होल्बेल. नाताळच्या दिवसांत पत्रांचे ढीग हातावेगळे करताना त्यांच्या मनात आलं की यातल्या प्रत्येक पाकिटावर नेहमीच्या तिकिटाबरोबर अगदी किरकोळ किमतीचं आणखी एक तिकीट लागलं, तर केवढी रक्कम उभी राहील! हे जादा तिकीट टपालखर्चात धरायचं नव्हतं. ते नुसती देणगी म्हणून चिकटवायचं होतं. राजे नववे क्रिश्चियन यांनी कल्पना उचलून धरली, आणि 1904 च्या नाताळात दिवंगत राणी लुईझ यांचं चित्र असलेली ही तिकिटं विक्रीला आली. पहिल्याच वर्षी चाळीस लाखांहून अधिक खपली. त्या पैशांतून कोल्डिंग इथे क्षयग्रस्त मुलांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं, ते 1911 साली सुरू झालं.

तिथून ही कल्पना अमेरिकेत पोहोचली, तीही टपालानंच. जेकब रीस हे मूळचे डेन्मार्कचे पत्रकार न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले होते. त्यांचे सहा भाऊ क्षयानं गेले होते. मायदेशाहून आलेल्या पत्रावर त्यांना हे अनोळखी तिकीट दिसलं. चौकशी केली आणि त्यावर लेख लिहिला. तो एमिली बिसेल या बाईंच्या वाचनात आला. डेलावेअरमधलं एक लहानसं क्षयरुग्णालय तीनशे डॉलरवाचून बंद पडायला आलं होतं. बाईंनी 1907 च्या डिसेंबरात एका सेंटला एक अशी तिकिटं विकायला काढली आणि गरजेच्या सुमारे दसपट पैसा उभा केला. एका पाकिटावरचा रंगीत चौकोन एका दुःखी माणसाच्या नजरेला पडतो आणि समुद्रापलीकडे दवाखाना वाचतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आपल्याकडे भारतीय क्षयरोग संघटनेनं 1950 पासून टीबी सीलची, म्हणजे अशाच देणगीच्या तिकिटांची मोहीम चालवली. दर वर्षी 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीला तिची सुरुवात होते. तुमच्यापैकी अनेकांना शाळेत आलेले ते कागद आठवत असतील. दातेरी कडांची तिकिटं आणि त्यांवर दोन आडव्या दांड्यांचा तो क्रूस. वर्गशिक्षक एकेक ओळ फाडून हातात ठेवायचे आणि घरून सुटे पैसे आणायला सांगायचे. मिळालेली तिकिटं बहुधा वहीच्या पुठ्ठ्यावर नाहीतर दप्तरावर चिकटायची. पण घरी पैसे मागताना 'कशाला हवेत?' या प्रश्नाला 'टीबीसाठी' असं मोठ्यानं उत्तर द्यावं लागे. ते उत्तर ज्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं, तिथे त्या मूठभर नाण्यांपेक्षा मोठं काम झालं, असं मी मानतो.

तिकीट निघालं म्हणजे आजार हटला, असं मात्र नाही. 1962 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या हाकेला ओ देऊन शंभराहून अधिक देशांनी हिवतापाविरुद्ध तिकिटं काढली. भारताचं तिकीट 7 एप्रिलला, जागतिक आरोग्यदिनी निघालं. त्या वेळी ते शोभणारंच होतं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. घरोघर डीडीटी फवारलं गेलं आणि साठीच्या दशकाच्या मध्यावर रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास उतरला. पण नंतर फवारणी ढिली पडली, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि 1976 साली रुग्ण पुन्हा 64 लाखांवर गेले. संग्राहकांच्या वहीत 1962 चं ते तिकीट आजही टवटवीत आहे. ते बघताना माझ्या मनात अभिमानाच्या आधी हा 64 लाखांचा आकडा येतो.

कधी तिकीट एखाद्या माणसाची बाजूही घेतं. मुंबईत 1896 साली प्लेग आला तेव्हा डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी इथेच लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतली लस टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं दगावली. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. दोष त्यांचा नव्हता हे मान्य व्हायला 1907 साल उजाडलं. 1964 साली स्वतंत्र भारतानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. परळच्या संस्थेला त्यांचं नाव आधीपासून होतंच, पण तिकिटामुळे ते परळबाहेर गावोगाव गेलं. कुष्ठरोगाच्या जंतूचा शोध लावणारे नॉर्वेचे हान्सेन 1973 साली आपल्या तिकिटावर आले. ज्यांनी वरोऱ्याला कुष्ठरुग्णांबरोबर आयुष्य काढलं, त्या बाबा आमट्यांचं तिकीट निघायला 2014 साल यावं लागलं.

आता पत्रं आटली. 2020 साली कोविडच्या साथीत आरोग्याचा संदेश आपल्याला फोन लावताना ऐकू यायचा, आधी खोकला आणि मग सूचना. तो गरजेचा होता, पण घाईच्या वेळी नकोसाही व्हायचा. तिकीट कुणाला अडवत नाही, ते पत्राबरोबर निमूट येतं.

जानेवारी 2022 मध्ये कोविड लसीकरणाला वर्ष झालं तेव्हा निघालेल्या तिकिटावर स्वदेशी लसीच्या कुपीबरोबर एक आरोग्यसेविका ज्येष्ठ नागरिकाला लस टोचताना दाखवली आहे. जंतू, शोधक आणि बोधचिन्हं यांच्या पलीकडे जाऊन तिकिटानं प्रत्यक्ष काम करणाऱ्या हाताकडे पाहिलं, याचा मला मनापासून आनंद झाला. क्षयाची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही आपल्या देशात आहे. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला हजार रुपये खात्यावर जमा होतात, तरीही लोक अजून नाव लपवतात. म्हणून टपालखात्याला माझी विनंती आहे, क्षयावरचं पुढचं तिकीट काढाल तेव्हा त्यावर औषधांचा कोर्स पुरा करून कामावर परतलेली एखादी बाई असू द्या, आणि तिच्या शेजारी तिच्या गावची आशाताई.