आग्र्याचें जुनें कबरस्थान
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत झालेलें भाषण)



या महोत्सवाच्या प्रसंगीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां ज्यांनीं हें देऊळ उभारिलें त्यांची स्तुति करावी, असें प्रथम मनांत आलें. परंतु ती स्तुति आमच्याहून योग्य अशा मुखांनीं आज झालीच आहे. म्हणून आपल्या अनुज्ञेनें एका प्रवासाची हकीकत सांगतों. तिचा शेवट आपल्याच दाराशीं येऊन होतो.

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही कांहीं मंडळी उत्तर हिंदुस्थानांत गेलों होतों. आग्र्यास पोहोंचल्यावर प्रथम ताजमहाल पाहिला. त्याचें वर्णन आम्ही करीत नाहीं. तें करून करून शब्द झिजून गेले आहेत. दोन प्रहरीं इतर मंडळी पेठा घेण्यास बाजारांत गेली, आणि आम्ही भगवान टॉकीजच्या चौकाकडे, तेथील जुनें रोमन कॅथलिक कबरस्थान पाहण्यास निघालों. सकाळीं ताजमहालाच्या दारीं माणसांची रीघ लागली होती. येथें फाटकांतून आंत शिरलों तों एक माळी आणि झाडांवरचे राघू यांखेरीज कोणी नव्हतें.

उत्तर हिंदुस्थानांतील अगदीं जुन्या ख्रिस्ती दफनभूमींपैकीं ही एक होय. येथें एक लहानसें प्रार्थनागृह आहे. इ. स. १६११ सालीं ख्वाजा मॉर्टेनिपस नांवाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याच्या कबरीवर तें बांधण्यांत आलें. पुढें त्यांत धर्मगुरूंचें दफन होऊं लागलें. भोंवतालच्या शिळांवर कोठें आर्मेनियन, कोठें पोर्तुगीज, कोठें फारसी, कोठें इंग्रजी अक्षरें आहेत. इतक्या देशांचीं माणसें जिवंतपणीं एका पंक्तीस बसलीं असतील किंवा नसतील. परंतु येथें तीं एकाच मातींत निजलीं आहेत.

थोडें पुढें जातांच तांबड्या दगडाचा एक लहान ताजमहाल दिसतो. मराठी माणसाचे पाय येथें थबकल्यावांचून राहत नाहींत; कारण ही कबर जॉन हेसिंग याची आहे. हा हॉलंड देशांतील उट्रेक्ट शहरीं इ. स. १७३९ सालीं जन्मला, १७८४ सालीं महादजी शिंद्यांच्या फौजेंत शिरला, आणि दौलतराव शिंद्यांच्या कारकीर्दींत आग्र्याच्या किल्ल्याचा अधिकारी असतां २१ जुलै १८०३ रोजीं वारला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तो किल्ला इंग्रजांनीं घेतला. धनी महादजी पुण्याजवळ वानवडीस १७९४ सालीं निवर्तले. त्यांची छत्री आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. चाकराची कबर मात्र आग्र्यास आहे, हें आपल्यांतील किती जणांस ठाऊक आहे? ती त्याच्या पत्नीनें बांधविली. नदीकांठीं बादशहानें आपल्या राणीचें स्मारक केलें. येथें एका विधवेनें आपल्या पतीचें केलें. शहाजहानाची संपत्ति तिच्यापाशीं नव्हती, म्हणून उंच मनोरे नाहींत आणि संगमरवरही नाहीं. माया तेवढी उणी नाहीं.

जवळच वॉल्टर राइनहार्ट, म्हणजे समरू, याची घुमटी आहे. हा १७७८ सालीं वारला. पाटण्यास १७६३ सालीं इंग्रज कैद्यांची जी कत्तल झाली, ती याच्या हातून झाली. त्याचीच बेगम पुढें १७८१ सालीं बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक झाली, आणि सरधन्याचें प्रसिद्ध देऊळ तिनें बांधविलें. साधुपुरुषांच्या शेजारीं असा मनुष्य पाहून आम्ही क्षणभर बिचकलों. परंतु दफनभूमि हें न्यायासन नव्हे. न्याय करणारा वेगळा आहे; आपलें काम मूठभर माती देण्याचें आणि प्रार्थना करण्याचें.

आतां दोन येशूसंघी धर्मगुरूंविषयीं सांगतों. फादर आल्बर्ट दॉर्व्हील हे ब्रुसेल्सचे. इ. स. १६६१ च्या एप्रिल महिन्यांत ते फादर ग्रुबर यांच्यासह पेकिंगहून निघाले, आणि ल्हासा व नेपाळ या मार्गानें हिमालय ओलांडून १६६२ च्या मार्च महिन्यांत आग्र्यास पोहोंचले. पुढें युरोपास जावयाचें होतें. परंतु ८ एप्रिल रोजीं त्यांनीं येथेंच देह ठेविला. त्यांच्या जागीं ग्रुबर यांच्या सोबतीस गेले ते फादर हाइनरिख रोथ. हे आग्र्यास राहून संस्कृत शिकले होते, व त्या भाषेचें व्याकरण त्यांनीं लॅटिनमध्यें लिहिलें होतें. तें तीनशें वर्षांहून अधिक काळ हस्तलिखितच राहिलें आणि १९८८ सालीं छापून निघालें. मात्र त्यांनीं लिहून दिलेल्या देवनागरी अक्षरांचे तक्ते १६६७ सालीं आम्स्टर्डॅम येथें किर्खर यांच्या ग्रंथांत छापले गेले. आमच्या फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें निघालें, तें देवनागरी खिळ्यांच्या अभावीं रोमन अक्षरांत, हें आपण जाणतांच. ज्या अक्षरांची आमच्या पुराणास उणीव भासली, तीं युरोपास दाखविणारा पुरुष यात्रेहून परतून १६६८ सालीं आग्र्यास वारला, आणि या भूमींत विसांवला आहे. तेथें आम्ही गुडघे टेकले.

आतां मूळ गोष्ट सांगतों. हीं सर्व नांवें आज आपण घेऊं शकलों, तीं कशामुळें? यांतील बहुतेकांचे वंशज आग्र्यास नाहींत. सर्व मृतांच्या दिवशीं मेणबत्ती लावण्यास घरचें कोणी येत नाहीं. तरी तीं नांवें उरलीं; कारण कोणी तीं दगडावर कोरलीं, आणि कोणी ऊन्हांत उभे राहून वाचलीं. ब्लंट नांवाच्या एका अधिकाऱ्यानें त्या प्रांतांतील ख्रिस्ती थडग्यांवरचे लेख उतरवून १९११ सालीं ग्रंथरूपानें छापले. जॉन मिल्डनहॉल हा इंग्रज व्यापारी १६१४ सालीं वारला. त्याच्या दगडाकडेही असेंच कोणी वांकून पाहिलें, म्हणून तो आज ओळखतां येतो.

परत आल्यावर आम्ही आपल्या देवळामागील दफनभूमींत गेलों. आमच्या आजीच्या कबरीवर एक काळा दगड होता. लहानपणीं त्यावरील अक्षरांवरून बोट फिरवून आम्ही वाचावयास शिकलों. तो दगड सांपडला नाहीं. जागेच्या टंचाईमुळें जुन्या कबरी पुन्हां उघडाव्या लागतात, हें आम्ही जाणतों. यांत कोणाचाही दोष नाहीं. दोष आमचा आहे. तीस वर्षें आम्ही तिकडे फिरकलों नाहीं, आणि तीं चार ओळी कधीं कागदावरही उतरविल्या नाहींत. परक्यांचीं थडगीं पाहण्यास आम्ही आग्र्यापर्यंत गेलों, आणि घरच्या दगडास मुकलों!

म्हणून या शुभप्रसंगीं आमची एकच विनंति आहे. संगमरवरी स्मारक आम्ही मागत नाहीं. एक जाड वही आणावी. शाळेंतील मुलांनीं वडीलधाऱ्यांचें बोट धरून दफनभूमींत जावें, आणि उरलेल्या प्रत्येक दगडावरचा लेख जसाच्या तसा उतरवून घ्यावा. अक्षर पुसट असेल तर पाणी शिंपडून वाचावें. जेथें दगड नाहीं, तेथें वृद्धांनीं आठवेल तें सांगावें, आणि मग धर्मग्रामाच्या दफन-नोंदवहीशीं ताळा पाहावा. येत्या २ नोव्हेंबरपूर्वीं हें काम पुरें झालें, तर त्या दिवशींच्या मिस्सेंत तीं नांवें एकेक करून वाचतां येतील. पहिल्या पानावर आमच्या आजीचें नांव आम्ही स्वतः लिहूं. दगड नसला तरी तें आम्हांस पाठ आहे.

आमच्या मृतांस प्रभु चिरशांति देवो.