दारातून परत गेलेली बाई



अंतरवाली सराटी या गावाचं नाव 2023 साली मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणामुळे देशभर पोचलं. इथल्या मांडवाला गर्दी नवी नाही. आजचा मांडव पुस्तकांसाठी घातलाय, आणि अध्यक्ष म्हणून तुम्ही जुने कागद चाळणारा माणूस बसवलाय. तेव्हा विषयही जुनाच घेतो. मध्ययुगातला साधा माणूस चेटूक का मानत होता?

आधी माझ्या घरची गोष्ट सांगतो. मी सात-आठ वर्षांचा असेन. आमच्या आळीच्या टोकाला एक एकटी म्हातारी राहायची. एकदा ती लोटा घेऊन ताक मागायला आली. आजी म्हणाली, "आज घुसळलंच नाही." ताकाचा डेरा मागे भरलेला होता. तो मला दिसत होता, तिलाही दिसत होता. काही न बोलता ती परत फिरली. तिसऱ्या दिवशी आमची म्हैस पान्हवेना. कास दगडासारखी घट्ट, धारेत रक्त. आज कुठलाही गुरं राखणारा सांगेल, ही दगडी. डॉक्टर तिला कासदाह म्हणतात. आजीने मात्र एवढंच विचारलं, "परवा दारात कोण आलं होतं?" त्या दिवसापासून आम्हा पोरांना त्या अंगणात जायची बंदी झाली. कोणी तिच्यावर हात टाकला नाही. फक्त तिच्याशी बोलणं थांबलं.

पुढे फार वर्षांनी अॅलन मॅकफार्लेन आणि कीथ थॉमस या ब्रिटिश अभ्यासकांची पुस्तकं हाती आली. 1970 आणि 1971 सालची. त्यांत सोळाव्या-सतराव्या शतकांतले चेटकाचे खटले आहेत, विशेषतः एसेक्स परगण्यातले. वाचता वाचता मी थबकलो. खटल्यामागून खटल्यात तोच क्रम. गरीब बाई शेजारी दूध-लोणी मागायला जाते, शेजारीण नाही म्हणते, बाई पुटपुटत निघून जाते, मग पोर तापाने फणफणतं किंवा लोणी निघेनासं होतं. या दोघांचं म्हणणं असं की आरोप करणाऱ्याला आधी स्वतःचंच मन खात असतं. द्यायला हवं होतं, दिलं नाही. ती टोचणी उलटते आणि आरोप होऊन बाहेर पडते. आजीचा डेरा मला त्या पानांत दिसला.

मध्ययुगातल्या कुणब्याला हसणं सोपं आहे. पण पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने ओळखला तो 1884 च्या सुमारास. त्याआधी "काय झालं?" याचं उत्तर गावात नव्हतं, तसं दरबारातही नव्हतं. उत्तर सापडेना की माणूस प्रश्नच बदलतो आणि विचारतो, "कोणी केलं?"

त्या प्रश्नापासून दोन वाटा फुटत. एक मरीआईची. तिचा गाडा सजवायचा, वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडायचा. पुढचं गाव तो आपल्या शिवेपलीकडे लोटणार. त्याने रोग हटत नसे, पण गावातलं कोणाचं घर तरी उठत नसे. दुसरी वाट नाव घेण्याची. करणी, मूठ, भानामती, नजर हे शब्द ऐकायला भुताखेतांचे. पण प्रत्येकाला एक करणारा माणूस लागतो. तो सापडायचा विधवेत, मूलबाळ नसलेलीत, वेशीबाहेर ठेवलेल्या वस्तीत. जिच्या बाजूने बोलायला कोणी नाही, तिच्यात.

हे खूळ अडाण्यांचंच होतं म्हणावं, तर तसंही नाही. पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले. त्यांवर 1900 साली न्यायमूर्ती रानड्यांनी निबंध वाचला. चेटूक करणारे हुडकून त्यांना शिक्षा करणं हे चोर-खुनी पकडण्याइतकंच सरकारचं काम मानलं जाई आणि त्यासाठी खास माणसं नेमली जात, असं त्यात नोंदवलंय. युरोपात तर विद्वानांनीच कहर केला. चेटकिणी ओळखायचा 'मॅलेयस मॅलेफिकारम' हा ग्रंथ 1486-87 च्या सुमारास छापून निघाला. लिहिणारा धर्मशास्त्र शिकलेला होता. साधारण 1450 ते 1750 या काळात तिकडे 40 ते 50 हजार माणसांना देहदंड झाला, त्यांत बायका जास्त. हा काळ छापखान्याचा आहे, गॅलिलिओचा आहे. अक्षर आलं की शहाणपण येतं, असं आपण लिहिणाऱ्यांनी तरी समजू नये.

इथून वरच्या अंगाला, गोदावरीकाठच्या पैठणात, सोळाव्या शतकात एकनाथ लिहीत होते. गावातला विंचू उतरवणारा, भुत्या, जोगवा मागणारी, सगळ्यांची सोंगं त्यांनी भारुडात घेतली. लोकांना त्यांच्याच भीतीची भाषा दिली आणि सांगितलं की हा विंचू म्हणजे काम-क्रोध, तो तुझ्या आत आहे. शेजारणीकडे रोखलेलं बोट नाथांनी अलगद छातीकडे वळवलं. भारूड बघायला आलेला माणूस पोटभर हसायचा, आणि घरी जाताना त्याच्याकडे कोणा बाईचं नाव नसायचं. साहित्याने करायचं काम मला इतकंच दिसतं.

ते काम संपलेलं नाही. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. ज्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाला. त्याची अनुसूची एकदा वाचा. अमक्याने करणी केली, मंत्राने जनावराचं दूध आटवलं, असं एखाद्याबद्दल पसरवणं हा गुन्हा आहे. आमच्या आजीची म्हैस कायद्यात पोचली! आणि तरीही 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावाने 5 माणसं ठेचून मारली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, गावोगाव भिक्षा मागणारी. आवई मोबाइलवरून पसरली होती. साधन नवं होतं; बळी मात्र पुन्हा दारात येऊन मागणाराच.

लिहिणाऱ्या मित्रांनो, आपल्या गोष्टींतली चेटकीण नेहमी गावाच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. ती रिकामा लोटा घेऊन घरी गेली, त्या संध्याकाळी तिने भाकरी कशाशी खाल्ली, हे आपण लिहिलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. आजी गेली, म्हैस गेली, ती म्हातारीही कधीच गेली. आम्ही तिला 'टोकावरची' म्हणायचो. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि आता सांगणारं कोणी उरलेलं नाही.

तुमच्याही आळीच्या टोकाला एखादं घर असेल. इथून परतलात की तिथल्या बाईचं नाव तेवढं विचारून घ्या.